एका फाइलपायी गेलेले ४६ हजार रुपये

साताऱ्यात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, अर्ज, कॉलेजच्या मुलांचे प्रोजेक्ट, असं टायपिंग आणि मांडणीचं काम मी एकोणीस वर्षं करते आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात, तुळशीची लग्नं उरकून पत्रिकांची गर्दी सुरू झाली त्याच आठवड्यात, माझ्या खात्यातून ४५,९९९ रुपये गेले. शेवटचा ओटीपी मी स्वतः सांगितला होता. हे लिहायला जड जातंय. पण माझ्यासारखी दुकानं गावोगाव आहेत आणि सगळ्यांचे कॉम्प्युटर सध्या बदलताहेत, म्हणून घडलं तसं सांगते.

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. त्या सुमारास जो तो म्हणत होता, आता जुनं चालायचं नाही. खरं तर कॉम्प्युटर बंद पडत नाही, फक्त सुरक्षेचे अपडेट यायचे थांबतात, आणि घरगुती वापरासाठी तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेता येतात. हे मला तेव्हा माहीत असतं तर ऐन हंगामात मशीनला हात लावला नसता. कॉम्प्युटरवाल्या पोराला बोलावलं. त्यानं माझा डेटा डी ड्राइव्हवर ठेवला, सी ड्राइव्हला फॉरमॅट मारला, विंडोज ११ टाकलं आणि माझ्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरचा फोल्डर होता तसा उचलून परत ठेवला. संध्याकाळी सगळं चकाचक दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सॉफ्टवेअरवर क्लिक केलं तर एक पांढरी चौकट आली. इंग्रजीत लिहिलं होतं की एमएसव्हीसीआर१००.डीएलएल ही फाइल सापडली नाही, त्यामुळे प्रोग्राम पुढे जाऊ शकत नाही. त्याखाली आणखी एक ओळ होती: प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल केल्यास अडचण सुटू शकेल. ती ओळ मी वाचलीच नाही. माझं सगळं लक्ष ‘सापडली नाही’ या शब्दांवर. समोर लिंब गावच्या एका काकांची पत्रिका अर्धी, संध्याकाळी प्रूफ द्यायचं होतं. त्या पोराचा फोन लागेना. मी मोबाइलवर त्या फाइलचं नाव टाकून शोधलं. सगळ्यात वर जे आलं त्यावर मोठ्या अक्षरात टोल फ्री नंबर होता. ती पैसे देऊन लावलेली जाहिरात होती. नावाशेजारी तसं बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं, पण घाईत तिकडे कोण बघतंय.

फोन पहिल्या रिंगला उचलला गेला. बोलणारा हिंदीत, अतिशय नम्र. ‘मॅडम, आप बिलकुल चिंता मत कीजिए.’ दुसऱ्याची स्क्रीन लांबून चालवता येते असं एक ॲप त्यानं उतरवून घ्यायला लावलं, त्यावरचा आकडा विचारला आणि माझा माउस आपोआप फिरू लागला. आता त्यानं काय काय दाखवलं ते नीट सांगते, कारण या लोकांचा सगळा धंदा या दोन-तीन देखाव्यांवर उभा आहे.

आधी त्यानं इव्हेंट व्ह्यूअर उघडला. लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी आली. तो एकेक लाल खूण दाखवत म्हणाला, हे सगळे व्हायरसचे हल्ले, तुमची फाइल यांनीच खाल्ली. मला दरदरून घाम फुटला. ही यादी म्हणजे कॉम्प्युटरची रोजची नोंदवही असते. एखादी सेवा उशिरा सुरू झाली तरी तिथे खूण पडते, कालच विकत आणलेल्या मशीनमध्येसुद्धा अशा खुणा निघतात. मग त्यानं काळी खिडकी उघडून नेटस्टॅट असं टाइप केलं. आकड्यांच्या रांगा आल्या आणि वर एका रकान्याचं नाव होतं ‘फॉरेन ॲड्रेस’. तो म्हणाला, ‘देखिए, विदेश से कोई बैठा है आपके सिस्टीम में.’ मी इंग्रजी वाचते, फॉरेन म्हणजे परदेश एवढं मला कळतं, त्यामुळे ते पटलंच. तिथे फॉरेनचा अर्थ फक्त पलीकडची बाजू. तुमच्या ब्राउझरमध्ये मेल उघडा असेल तर मेलचा सर्व्हरही त्याच रकान्यात दिसतो.

पुढचं मात्र जास्त हुशारीचं होतं. त्यानं कुठल्याशा साइटवरून त्याच नावाची फाइल उतरवली आणि माझ्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये टाकली. आता उघडून बघा म्हणाला. उघडलं तर चौकट बदललेली: प्रोग्राम नीट सुरू होऊ शकला नाही, आणि कंसात ०एक्ससी००००७बी असा आकडा. तो लगेच म्हणाला, बघा, फाइल दिली तरी व्हायरस चालू देत नाहीये. माझं सॉफ्टवेअर जुनं, ३२ बिटचं. त्याला ६४ बिटची, म्हणजे नव्या प्रकारची, फाइल दिली की हाच आकडा येतो. चुकीची फाइल त्यानं मुद्दाम टाकली की त्यालाही कळत नव्हतं, देव जाणे. माझ्या डोळ्यांसमोर नवीन एरर आली आणि माझा उरलासुरला संशय तिथेच संपला.

सफाईसाठी ४,९९९ रुपये यूपीआयनं दिले. अर्धा तास स्क्रीनवर हिरव्या रेषा पळत राहिल्या. सॉफ्टवेअर काही उघडेना. मग त्यांचे ‘सीनियर सर’ लाइनवर आले. काम झालं नाही तर कंपनी पूर्ण पैसे परत करते, म्हणाले, फक्त नेटबँकिंग उघडून खातं दाखवा. मी उघडलं. माझी स्क्रीन काळी झाली. रिफंडचं पान लोड होतंय, असं सांगितलं. मोबाइलवर मेसेज आला, त्यांनी आकडा विचारला आणि मी सांगितला. तो मेसेज माझ्या फोनमध्ये अजून आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की ४१,००० रुपये पाठवण्यासाठी हा ओटीपी आहे, कुणालाही देऊ नका. मी फक्त सहा आकडे वाचले.

पैसे गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी वायर ओढून नेट बंद केलं आणि बँकेच्या अधिकृत नंबरवर फोन करून खातं गोठवलं. पण १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायला मी दोन तास लावले. दोन तास दुकानाचं शटर अर्धं ओढून नुसती बसून होते. यांना काय सांगू, पोरीला काय सांगू, एकोणीस वर्षं कॉम्प्युटरवर बसणारी बाई अशी कशी फसली, हेच डोक्यात. त्या दोन तासांत पैसे तीन खात्यांमधून पुढे गेले होते. १९३० वर तक्रार नोंदल्यावर त्यातले १८,५०० रुपये एका खात्यात अडवून धरता आले. सायबर पोलीस ठाण्यातल्या ताई म्हणाल्या, ‘लगेच फोन केला असता तर बरेचसे थांबले असते.’ अडवलेले पैसे परत मिळवायचे कागद चालू आहेत. बाकीच्या पैशांसाठी बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक दाखवलं: ओटीपी ग्राहकानंच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. त्यावर मी काय बोलणार?

पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त लागली. माझ्या डेस्कटॉपवर गिऱ्हाइकांच्या आधार कार्डांचे, सातबाऱ्यांचे स्कॅन होते. दीड तास तो माणूस माझ्या मशीनमध्ये मोकळा फिरत होता. त्यानं काय उचललं हे सांगता येत नाही. ज्यांचे कागद होते त्या एकेकाला मी फोन करून सांगितलं आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घ्या असं सुचवलं. काही जण समजून घेणारे निघाले, काही आता दुकानात येत नाहीत. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मशीन पुन्हा पूर्ण फॉरमॅट केलं, मेलचे आणि बँकेचे पासवर्ड पोरीच्या लॅपटॉपवरून बदलले. आता गिऱ्हाइकाची प्रिंट हातात दिली की स्कॅन त्याच्यासमोर डिलीट करते, रिसायकल बिनमधूनसुद्धा.

आणि ती फाइल? माझा भाचा पुण्याहून शनिवारी आला. ‘मावशी, ही फाइल विंडोजची नाहीच,’ म्हणाला. ती मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ २०१० नावाच्या संचातली. जुने अनेक प्रोग्राम त्या संचावर चालतात आणि प्रोग्रामचा सेटअप चालवला की तो संचही सहसा सोबत बसतो. आमच्या कॉम्प्युटरवाल्या पोरानं सेटअप न चालवता नुसता फोल्डर उचलून ठेवला होता. जुन्या विंडोजमध्ये संच आधीच होता, नव्या विंडोजमध्ये नव्हता. हरवलं काहीच नव्हतं. भाच्यानं मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून तो संच घेतला. प्रोग्राम ३२ बिटचा असल्यामुळे विंडोज ६४ बिटचं असूनही एक्स८६, म्हणजे ३२ बिटचा, असं लिहिलेला घ्यायचा. फुकट मिळतो. त्या फोनवाल्यानं टाकलेली चुकीची फाइल फोल्डरमधून काढली, संच बसवला, मशीन बंद करून चालू केलं. चहा उकळेपर्यंत माझं सॉफ्टवेअर उघडलं. जुनी सीडी कपाटात होती. तिच्यावरून पुन्हा इन्स्टॉल केलं असतं तरी भागलं असतं. चौकटीतली दुसरी ओळ हेच सांगत होती.

तुमच्याकडे असंच झालं तर त्या नावाची सुटी फाइल कुठल्याही साइटवरून घेऊ नका. व्हीसीरनटाइम१४० किंवा एमएसव्हीसीपी१४० असं नाव दिसलं तर तीही याच कुळातली, फक्त नव्या संचातली. फॉरमॅट न मारता नुसतं अपग्रेड केलं असेल आणि तुमचेच कागद दिसत नसतील तर सी ड्राइव्हवर विंडोज.ओल्ड नावाचा फोल्डर बघा. तो साधारण दहा दिवसच राहतो, म्हणून आधी त्यातलं सगळं पेनड्राइव्हवर घ्या. एरर दाखवणाऱ्या चौकटीत मायक्रोसॉफ्ट कधीही फोन नंबर देत नाही. नंबर दिसला की तिथेच थांबा.

लिंबच्या काकांची पत्रिका दुसऱ्या एका दुकानातून झाली. त्यांनी ॲडव्हान्स परत मागितला नाही, मीच नेऊन दिला.

मागच्या आठवड्यात एका नव्या नंबरवरून फोन आला. बाई मराठीत बोलत होती. माझं नाव, गेलेली रक्कम, तारीख, सगळं तिला पाठ. सायबर विभागातून बोलतेय म्हणाली, ‘तुमचे ४१ हजार सापडलेत ताई, प्रोसेसिंगचे दोन हजार भरले की आज संध्याकाळी खात्यात.’ मी नंबर लिहून घेतला, फोन ठेवला आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी साइटवर, संशयास्पद फोन कळवायच्या ‘चक्षू’ या सोयीत त्याची नोंद केली. ठाण्यातल्या ताईंनाही कळवलं. त्या म्हणाल्या, एकदा फसलेल्यांच्या याद्या हे लोक एकमेकांना विकतात.