म्हापशाच्या बाजारातले अळसांदे

पुण्यात चवळी मागितली की बारीक, पांढरी, काळ्या डोळ्याची मिळते. मागच्या महिन्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं पाकीट रात्रभर भिजवलं, कुकरच्या सहा शिट्या केल्या, तरी दाणे टणकच. म्हणून यंदा सासरी गेले तेव्हा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून अर्धा किलो अळसांदे घेतले. गोव्यात चवळीला हेच नाव.

दाणा मोठा, फिकट बदामी. भाताची कापणी झाली की शेतात उरलेल्या ओलीवर हे पीक घेतात. विकणाऱ्या मावशींनी मूठभर हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "बघ, एकाला तरी भोक दिसतंय का?" खरंच नव्हतं. दर नेहमीच्या चवळीपेक्षा बराच जास्त, पण मला तो पटला.

घरी सहा तास भिजवले, तीन शिट्या दिल्या. आत लोण्यासारखे मऊ, तरी साल शाबूत! सासूबाईंच्या पद्धतीने तोणाक, म्हणजे गोव्याकडची दाट रश्शाची उसळ, केलं: खोबरं खरपूस भाजायचं, धणे, मिरी, लवंग, सुक्या मिरच्या घालून गुळगुळीत वाटायचं. पावाबरोबर सगळ्यांनी पातेलं पुसून खाल्लं. उरलेल्या मूठभराची गोडा मसाला, आमसूल आणि गूळ घालून माझ्या आईसारखी उसळ केली, तीही सुरेख झाली.

लेकीला आजी "चवळीची शेंग" म्हणते. पुढच्या खेपेला तिला बाजारात नेऊन खरी शेंग दाखवणार आहे, आणि दोन किलो अळसांदे आणणार आहे.