पहिला फ्लॅट घेताना आयजीआरच्या (सरकारी नोंदणी विभाग) फ्री सर्चचा खूप उपयोग झाला
कोथरूडला रीसेल टूबीएचके बघत होतो, मालक ९५ लाखांवर अडून बसलेले आणि एजंट म्हणे फार तर लाख-दोन लाख सुटतील, आम्हाला तर किती सांगायचं हेच कळेना. मग आयजीआर महाराष्ट्रच्या साइटवर सर्च केलं, त्याच सोसायटीतल्या मागच्या दोन वर्षांच्या व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सारांश) निघाले, त्यात मोबदला, एरिया, तारीख सगळं असतं. खूप धीर आला खरंच! फक्त रेडी रेकनरला (सरकारने ठरवलेला दर) बाजारभाव समजू नका, तो स्टॅम्प ड्युटीसाठी असतो. आम्ही कारपेट एरियावर (भिंतींच्या आतली वापरायची जागा) भाव काढून ८४ सांगितले, ८८ ला जमलं. फ्लॅट बायकोच्या एकटीच्या नावावर, म्हणून ड्युटी ७ ऐवजी ६ टक्के, शिवाय रजिस्ट्रेशनचे ३० हजार, ते आधीच बाजूला काढलेले.