वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हेचे संकेतस्थळ: देशाची धार्मिकता मोजण्याचे साधन म्हणून

एखाद्या देशातील लोक अधिक धार्मिक होत आहेत की कमी, या वादात ठाम मते भरपूर असतात आणि आकडे अपवादानेच पुढे येतात. आकडे स्वतः पाहू इच्छिणाऱ्या सामान्य वाचकासाठी अनेक देशांतील लोकांची मूल्ये आणि श्रद्धा जाणून घेणाऱ्या ‘वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे’ या पाहणीच्या संकेतस्थळावरील ऑनलाइन विश्लेषणाची विनामूल्य सोय मला सर्वांत उपयुक्त वाटते, पण तिच्याकडून एका ओळीचे उत्तर मागितले, तर ती हमखास दिशाभूल करते.

राज्यशास्त्रज्ञ रोनाल्ड इंगलहार्ट यांच्या पुढाकाराने १९८१ मध्ये सुरू झालेल्या या पाहणीची सातवी फेरी २०१७ ते २०२२ या काळात झाली. फेरी, देश आणि प्रश्न निवडला की टक्केवारीचा तक्ता समोर येतो आणि त्याची वयानुसार किंवा स्त्री-पुरुष अशी फोडही करता येते. मांडणी जुन्या वळणाची आहे. तिची सवय होते.

खरे बळ प्रश्नांच्या निवडीत आहे. ‘तुमच्या आयुष्यात ईश्वराला किती महत्त्व आहे?’ याला १ ते १० यांपैकी अंक द्यायचा असतो. धार्मिक सभांना किती वेळा जाता, हे वेगळे विचारले जाते. आणि अशा सभांना जाण्या-न जाण्याचा विचार बाजूला ठेवून तुम्ही स्वतःला धार्मिक, अधार्मिक की नास्तिक मानता, हे आणखी वेगळे. ही तीन उत्तरे एकाच दिशेने सरकतील असे मुळीच नाही. जपानमध्ये धर्मसंस्थांनी कळवलेल्या अनुयायांची बेरीज देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरते, तरीही स्वतःला धार्मिक म्हणवणारे तिथे अल्पसंख्य आहेत. सभांचा प्रश्न सामूहिक उपासनेच्या धर्मांना चपखल बसतो, परंतु जिथे उपासना मुख्यतः घरातच होते, तिथे तो फारसे काही सांगत नाही, ही या प्रश्नावलीची मोठी उणीव मानावी लागेल.

वयाचा रकाना सर्वाधिक सावधपणे वाचावा. तरुण कमी धार्मिक आणि वृद्ध अधिक धार्मिक दिसले की देश धर्मापासून दूर चालला, असा निष्कर्ष चटकन काढला जातो. वास्तविक, माणसे वयाबरोबर धर्माकडे वळत असतील, तरीही तक्ता नेमका असाच दिसेल. यांतले नेमके काय घडते आहे हे कळण्यासाठी जुन्या फेऱ्यांत जाऊन एकाच दशकात जन्मलेल्यांची उत्तरे फेरीगणिक ताडून पाहावी लागतात. ही सोय तयार मिळत नाही, पण सगळी विदा (डेटा) उतरवून घेता येत असल्यामुळे थोडे कष्ट घेणाऱ्याला ते जमते.

दोनच फेऱ्यांवर विसंबण्याचा धोका इंगलहार्ट यांच्याच निष्कर्षांतून दिसतो. त्यांनी अभ्यासलेल्या ४९ देशांपैकी ३३ देशांत १९८१ ते २००७ या काळात धार्मिकता वाढली होती, तर २००७ ते २०१९ या काळात ४३ देशांत ती घटली. फेऱ्यांमधील अंतर मोठे असल्याने मधले थांबे निसटतात, तेव्हा शक्य तिथे दुसरा स्रोत जोडीला घ्यावा. अमेरिकेत प्यू संशोधन केंद्राच्या पाहण्यांनुसार ख्रिश्चनांचे प्रमाण २००७ मधील ७८ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ६२ टक्क्यांवर आले, परंतु त्यातील शेवटची काही वर्षे ते जवळपास स्थिर होते.

दुसरा स्रोत घेताना मात्र प्रश्नाचे शब्द ताडून पाहावेत. इंग्लंड व वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत ‘तुमचा धर्म कोणता?’ असे विचारल्यावर ३७.२ टक्के लोकांनी ‘कोणताही नाही’ असे नोंदवले. आपण एखाद्या विशिष्ट धर्माचे आहोत असे मानता का, असे विचारणाऱ्या ‘ब्रिटिश सोशल अॅटिट्यूड्स’ पाहणीत २०१८ मध्येच हे प्रमाण ५२ टक्के होते. पहिला प्रश्न धर्म आहे असे गृहीत धरतो, दुसरा तसे धरत नाही. शिवाय लोक स्वतःविषयी नेहमी खरेच सांगतात असेही नाही. अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चर्चमधील प्रत्यक्ष उपस्थिती लोकांनी सांगितलेल्या प्रमाणाच्या निम्म्याच्या आसपास आढळली होती.

अभ्यासक, पत्रकार आणि वादात उतरण्यापूर्वी खातरजमा करू पाहणारे वाचक यांना ही सेवा मी निःसंकोच सुचवेन. प्रत्येक देशाच्या तांत्रिक अहवालात नमुना किती जणांचा होता आणि मुलाखती समोरासमोर झाल्या की अन्य पद्धतीने, याची नोंद असते. ती आधी वाचावी. नमुना साधारण १,२०० जणांचा असेल, तर दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर कोणताही दावा करू नये.