मालकाचं सब-मीटर की स्वतःचं मीटर? (आणि गॅसचं काय)

मानखुर्दच्या एका मावशींनी मागच्या महिन्यात मंडळाच्या ऑफिसात वहीचं पान आणून टेबलावर ठेवलं. घरमालकाच्या अक्षरात सब-मीटरचं (मालकाच्या मेन मीटरनंतर प्रत्येक खोलीला लावलेलं छोटं मीटर) मागचं रीडिंग, आत्ताचं रीडिंग, वजाबाकी 84, गुणिले 14, बरोबर 1176. सही नाही, तारीख नाही. घरात एक पंखा, दोन बल्ब, टीव्ही आणि छोटा फ्रिज.

“दादा, बरोबर आहे का हे?”

वजाबाकी बरोबर होती, गुणाकारही. भानगड त्या 14 मध्ये होती, म्हणजे मालकाने लावलेल्या युनिटच्या दरात.

मुंबईत घरगुती विजेचा दर टप्प्यांनी चढतो: 0 ते 100 युनिट, मग 300 पर्यंत, मग 500 पर्यंत आणि त्यापुढे. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण. दर प्रत्येकाचे वेगळे, पण ते ठरवतो महाराष्ट्र वीज नियामक आयोगच. पहिली 100 युनिटं सगळ्यात स्वस्त, आणि वरचा दर लागतो तो फक्त त्यापुढच्या युनिटांना. आता मावशींच्या मालकाच्या सहा खोल्या एकाच मीटरवर आहेत. प्रत्येकीने 84 जाळली तर मीटरवर 504 दिसतात. मावशी एकट्या असत्या तर सगळ्यात खालच्या टप्प्यात बसल्या असत्या. इथे त्यांची वीज सगळ्यात वरच्या टप्प्याला जाऊन शिवते, आणि स्वस्तातली 100 युनिटं सहा घरांत वाटली जाऊन वाट्याला जेमतेम 17 येतात. मालक दरवेळी लबाडच असतो असं नाही, त्यालाही बिल तसंच येतं. मात्र पुढे तो जे ‘राउंड फिगर’ करतो ते त्याच्याच बाजूने.

स्वतःच्या मीटरची जाहिरात करताना लोक एक गोष्ट गाळतात, म्हणून सांगतो. बिलात नुसता युनिटचा दर नसतो. स्थिर आकार (दरमहाची ठरलेली रक्कम) असतो, वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) असतो, कधी इंधन समायोजन (इंधनाच्या भावातला फरक), आणि वर 16 टक्के वीज शुल्क. शिवाय सुरुवातीला अनामत आणि वायरमनचा खर्च. एवढं सगळं धरूनही 100 युनिटांच्या आत राहणाऱ्या घराला, 14 च्या भावापेक्षा, स्वतःचं मीटर स्वस्त पडतं. (दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांसाठी आणखी स्वस्त दर आहे, पण तो वर्षाला 360 युनिटांपर्यंतच. घरात फ्रिज असेल तर विसरा.)

पैशापेक्षा मला दुसरा फरक मोठा वाटतो. बिल थकलं तर कंपनीला वीज कायद्याच्या कलम 56 नुसार 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, त्यानंतरच वीज तोडता येते. सब-मीटरवर मालक संध्याकाळी येतो आणि फ्यूज काढून खिशात घालतो.

मग सगळ्यांनी स्वतःचं मीटर का घेऊ नये? कारण अडतं एनओसीपाशी, म्हणजे मालकाच्या ना-हरकत पत्रापाशी. कायद्यात जागेचा मालक किंवा ताबेदार, दोघांपैकी कुणीही वीज मागू शकतो. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की मालक एनओसी देत नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, अर्जदार त्या जागेत राहतो की नाही एवढंच बघायचं. पण निकाल खिशात असला तरी खोली मालकाचीच. मीटर भाडेकरूच्या नावावर गेलं की हक्क सांगेल, ही त्याची धास्ती. “मीटर पाहिजे तर दुसरी खोली बघ,” असं ऐकून गप्प बसलेले मी कितीतरी पाहिलेत.

म्हणून माझा सल्ला सरसकट नाही. तीन-चार वर्षं त्याच खोलीत काढायची असतील, मुलांची शाळा जवळ असेल, मालक बोलता येण्यासारखा असेल, तर मीटरसाठी अर्ज कराच. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट असेल तर सब-मीटरवरच राहा, पण मेन बिलाचा फोटो मागा. एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, तो तुमचा दर. आणि एका रात्री घरातली सगळी बटणं बंद करून, फ्रिजची पिन काढून, जिन्याखालचं सब-मीटर बघून या. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो. 3200 लिहिलेलं असेल तर तेवढे लुकलुकाट म्हणजे एक युनिट. सगळं बंद असूनही तो लुकलुकत असेल, तर तुमच्या वायरवर दुसऱ्याचा पंखा फिरतोय. मावशींकडे जिन्यातला बल्ब निघाला.

गॅसचं गणित सोपं आहे. एप्रिल 2025 मध्ये मुंबईत 14.2 किलोचा सिलेंडर 852 रुपये 50 पैसे झाला, म्हणजे किलोला साधारण 60. कनेक्शन नसलेली माणसं गल्लीत किलोवर भरून घेतात, तिथे शंभरी सहज ओलांडते आणि स्फोटाची भीती वेगळी. उज्ज्वला कनेक्शनवर 2025-26 साली सिलेंडरमागे 300 रुपये परत मिळत होते, नऊ सिलेंडरांपर्यंत. बाहेरगावाहून आलेल्यांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालतं, हे पुष्कळांना माहीतच नाही. उज्ज्वला किंवा लाडकी बहीण योजनेतल्या बाईच्या नावावर कनेक्शन असेल तर राज्याच्या अन्नपूर्णा योजनेतले वर्षाला तीन सिलेंडर वेगळे. पैसे मात्र आधी भरायचे, मग खात्यात येतात. महिनाअखेरीला हाच घोळ होतो.

एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) इमारतीत गेलेल्यांना पाइपचा गॅस मिळतो. एप्रिल 2025 मध्ये तो एका घनमीटरला 49 रुपये होता. एका सिलेंडरची उष्णता साधारण 18 घनमीटरांत येते, म्हणजे 882. तेव्हाच्या विनाअनुदान सिलेंडरशी जवळपास बरोबरी, आणि वापरून झाल्यावर बिल येतं हा फायदा. पण त्याला उज्ज्वलाचे 300 नाहीत. उज्ज्वलावाल्यांनी शेजाऱ्यांचं बघून घाई करू नये. इंडक्शन पावसाळ्यात सिलेंडर उशिरा आला तर चहापुरती बरी. रोजचा स्वयंपाक तिच्यावर केलात तर 100 युनिटांची हद्द महिना संपायच्या आतच ओलांडाल.

मावशींच्या मालकाने मेन बिल दाखवलं. भागाकार 12 च्या आत आला. एनओसीवर सही करायला तो गणपतीनंतर बघू म्हणालाय.