शास्त्रज्ञांच्या चरित्रांतून इंग्रजी : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात, कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस विदर्भातल्या शाळा उघडल्या, तेव्हा आम्ही शास्त्रज्ञांच्या जीवनावरील सोप्या इंग्रजी पुस्तिकांचा एक संच शाळेसाठी घेतला. त्यात तीन पातळ्या आहेत. प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटी शब्दसूची आणि प्रश्न आहेत, सोबत शब्दपत्त्यांची पेटी आहे आणि ऐकण्यासाठी ध्वनिमुद्रणही आहे. संचाचे नाव मी देत नाही, कारण या धर्तीचे संच अनेक ठिकाणी मिळतात आणि मला सांगायचे आहे ते या पद्धतीविषयी आहे. जुलै ते मार्च या काळात, आठवड्यातून तीन तासिका, मी तो सातत्याने वापरला.

सर्वांत महत्त्वाचे आधी सांगते. आमच्या मुलांना इंग्रजी नामे बऱ्यापैकी येत होती. फळे, प्राणी, रंग, शरीराचे अवयव ती पहिलीपासून घोकत आली आहेत. त्यांना क्रियापदे येत नव्हती, आणि क्रियापदाशिवाय वाक्य उलगडत नाही. शास्त्रज्ञाचे चरित्र म्हणजे एक माणूस सतत काहीतरी करतो आहे, पाहतो आहे, मोजतो आहे, फसतो आहे आणि पुन्हा करून पाहतो आहे. त्यामुळे ऑब्झर्व्ह, मेजर, रिपीट, फेल, रिफ्यूज यांसारखी क्रियापदे पानापानांवर पुन्हा पुन्हा भेटतात, तीही भूतकाळात. नऊ महिन्यांत मुलांच्या इंग्रजीत जो फरक पडला, त्याचे मोठे श्रेय मी या एका गोष्टीला देते.

सुरुवात मायकेल फॅरेडेपासून केली. १७९१ साली लोहाराच्या घरी जन्मलेला हा मुलगा चौदाव्या वर्षी लंडनच्या एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे शिकाऊ म्हणून लागला आणि बांधायला आलेली पुस्तकेच वाचू लागला. 'अप्रेंटिस' हा शब्द मला शिकवावा लागला नाही, कारण वर्गातल्या दोघांचे मोठे भाऊ आयटीआय करून अप्रेंटिसशिपला गेलेले आहेत. अडचण आली ती दुसऱ्याच वाक्याला. 'ही बाउंड बुक्स अँड रेड देम' हे वाक्य एका मुलीने वाचले आणि 'बाउंड' म्हणजे क्रिकेटमधली बाउंड्री, असा अर्थ लावला. मी घरून दाभण आणि जाड दोरा आणला, जुन्या वह्यांची कोरी पाने जमवली आणि वर्गातच एक वही शिवून दाखवली. मग मुलांनी आपापली वही शिवली. ज्याने शिवली तो उभा राहून 'आय बाउंड धिस बुक' म्हणे. बाइंडचे भूतकाळी रूप बाउंड होते हे त्यानंतर कुणाला पाठ करावे लागले नाही. त्याच वाक्यातला दुसरा पेच अधिक सूक्ष्म होता. वाचतो आणि वाचले या दोन्हींचे इंग्रजी स्पेलिंग एकच, पण उच्चार एकदा रीड आणि एकदा रेड. मुले यावर इतकी अडली की आम्ही पूर्ण तासिका त्यावरच घालवली. मागचे-पुढचे वाक्य पाहून उच्चार ठरवायचा, हे त्या दिवशी त्यांच्या लक्षात आले, आणि माझ्या मते वाचन शिकण्याचा तो त्यांचा पहिला खरा दिवस होता.

फॅरेडेच्या वडिलांच्या व्यवसायाचाही उपयोग झाला. एका विद्यार्थ्याचे वडील गावात वखराची पास, म्हणजे त्याचे लोखंडी पाते, पाजवून देतात. तो मुलगा एरवी इंग्रजीच्या तासाला मागे बसत असे. 'ब्लॅकस्मिथ' हा शब्द आला तेव्हा तो स्वतः फळ्यापाशी येऊन भाता, हातोडा, ऐरण यांची चित्रे काढून गेला.

ऑगस्टमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर घेतले. मराठी वाचकांना हे नाव परके नाही. गुलामीत जन्मलेला हा माणूस १८९६ साली अलाबामातील टस्कीगी येथे शिकवायला गेला आणि १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिला. वर्षानुवर्षे फक्त कापूस घेऊन कस गेलेल्या जमिनीत भुईमूग, चवळी, सोयाबीन यांसारखी शेंगवर्गीय पिके फेरपालटाने घ्या, असे तो तिथल्या शेतकऱ्यांना सांगत असे. आमच्या भागातल्या मुलांना ही गोष्ट दूरची वाटणे शक्यच नव्हते. पुस्तिकेत नोड्यूल हा शब्द आला, शब्दसूचीत त्याला 'मूलग्रंथी' असे दिले होते आणि वर्ग गप्प होता. मी मुलांना शाळेमागच्या शेतात नेले, मालकाला विचारून सोयाबीनची दोन झाडे मुळासकट उपटली आणि मुळे पाण्यात हलकेच धुतली. मुळांवर बारीक गाठी होत्या. एक गाठ नखाने फोडली तर आतून गुलाबी निघाली. हवेतला नायट्रोजन बांधणाऱ्या जिवाणूंचे काम जोरात चालू असले की ती अशी गुलाबी दिसते. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, या गाठी तं आमच्या वावरातबी असतेत, पन त्याईचं नाव नोतं माहीत." रूट, नोड्यूल, सॉइल, फीड, रोटेट हे पाच शब्द त्या दिवशी चिखलाच्या हातांनी वहीत लिहिले गेले. मार्चमध्ये विचारले तेव्हा ते जवळपास सर्वांना आठवत होते. केवळ पत्त्यांवरून शिकवलेले शब्द तितके टिकले नव्हते.

याच पुस्तिकेत 'बोल' हा शब्द होता, म्हणजे पऱ्हाटीचे बोंड. अमेरिकेत त्या काळी कपाशीवर आलेल्या बोल वीव्हिलचा उल्लेख वाचून मुले लगेच आपल्या गुलाबी बोंडअळीवर गेली. वीव्हिल हा सोंडेचा भुंगा आहे आणि आपली बोंडअळी ही पतंगाची अळी आहे, हा फरक मला समजावून द्यावा लागला. पण त्या निमित्ताने मुलांनी कीटकनाशकाच्या डब्यावरचे 'पिंक बोलवर्म' हे इंग्रजी शब्द घरी जाऊन शोधून काढले, आणि घरच्या डब्यावरचे इंग्रजी आपण वाचू शकतो याचा त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. डब्याला हात लावायचा नाही, दुरूनच वाचायचे, अशी सक्त सूचना मी आधीच दिली होती, आणि हा प्रयोग करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ती द्यावी.

येथेच संचातील पहिला गंभीर दोष सांगणे भाग आहे. कार्व्हर यांनी पीनट बटरचा शोध लावला, असे पुस्तिकेत ठामपणे छापले आहे. ते चुकीचे आहे. त्यांच्या भुईमुगावरील कामाआधीच, १८८४ साली, शेंगदाण्याच्या अशा पेस्टचे पेटंट घेतले गेले होते. कार्व्हर यांनी भुईमुगाचे असंख्य उपयोग सुचवले आणि १९०६ पासून घोड्याच्या गाडीतून फिरती शेतीशाळा शेतकऱ्यांच्या दारी नेली. त्यांचे मोठेपण सांगायला एवढे खरे काम पुरेसे असताना खोटी भर कशासाठी? न्यूटनच्या डोक्यावर सफरचंद पाडण्याचा मोहही याच संचाला आवरलेला नाही. मुले भाषा शिकत आहेत म्हणून त्यांना कशीही माहिती दिली तरी चालते, ही समजूत मला मान्य नाही. आम्ही ती वाक्ये पेन्सिलीने खोडली आणि वर दुरुस्त वाक्ये लिहिली. ते इंग्रजी लिहिण्याचे चांगले काम झाले, पण ते आमच्यावर यायला नको होते.

मेरी क्यूरी यांची पुस्तिका संचातील सर्वांत चांगली आहे. पिचब्लेंडचे खनिज आणून, दळून, उकळून, लोखंडी कांबीने तासन्‌तास ढवळून, १९०२ साली त्यांनी कित्येक टन खनिजातून एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड वेगळे केले. ग्राइंड-ग्राउंड, बॉइल, स्टर, पोअर ही सारी स्वयंपाकघरातली क्रियापदे असल्याने मुलींनी ती हातांनी करून दाखवली. टन हा शब्द मात्र हवेत राहिला होता. दहा क्विंटल म्हणजे एक टन, असे सांगितल्यावर एकाने घरी यंदा जिनिंगवर मोजलेल्या कापसाशी तुलना केली, आणि "एवढ्या गाड्यांतून चिमूटभरही नाही?" असे विचारून तो बराच वेळ स्तब्ध राहिला.

आइन्स्टाइन यांची पुस्तिका मात्र आमच्याकडे चालली नाही. भाषा सोपी असूनही त्यात हाताने करण्यासारखे काही नव्हते, आणि 'ही थॉट' या शब्दांभोवती वर्ग जमत नाही.

रामन यांच्या पुस्तिकेविषयी थोडे विस्ताराने लिहिते. १९०७ मध्ये कलकत्त्यात अर्थखात्याच्या नोकरीत रुजू होऊन ऑफिसच्या आधी आणि नंतर प्रयोगशाळेत राबणारे रामन त्या नोकरीत काही काळ आपल्या नागपुरातही होते, हे ऐकून मुले सरसावून बसली. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, सातवीच्या एका मुलीने ग्रामस्थांसमोर ती चार पाने मोठ्याने वाचली. पण १९३३ साली याच रामन यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कमला भागवत यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला होता, हे संचात कुठेही नाही. कमलाताई, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी आणि दुर्गा भागवतांच्या बहीण, परत जायला तयार झाल्या नाहीत. शेवटी वर्षभराच्या अटीवर त्यांना घेतले गेले, आणि १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढे भारतात परतल्यावर त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केले, आणि शिंदीची झाडे रोज पाहणाऱ्या आमच्या मुलांना हे सांगायलाच हवे होते. मी त्यांच्यावर एक पान स्वतः लिहिले. त्यात रिफ्यूज हे क्रियापद दोनदा आले : 'ही रिफ्यूज्ड हर' आणि 'शी रिफ्यूज्ड टू लीव्ह'. क्रियापद एकच, पण कर्ता बदलला की गोष्ट किती बदलते, हे मुलींना व्याकरण न सांगता कळले. आदल्या दिवशी रामन वाचणाऱ्या मुलीनेच दुसऱ्या दिवशी हे पान वाचले. "मॅडम, मग ते सर चांगले होते की नाही?" असे तिने विचारले. त्यांचे काम मोठे होते आणि तो निर्णय अन्यायाचा होता, एवढेच उत्तर मी दिले, आणि दोन्ही पाने भिंतीवर शेजारी शेजारी लावून ठेवली.

शब्दसंग्रह वेगाने वाढला, तसे वाचन वाढले नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. सुटे शब्द ओळखणारे मूल तेच शब्द लांब ओळीत आले की पुन्हा अडते. मी आधी एकदा वाचायचे, मुलांनी बोट ठेवून ऐकायचे, मग जोडीने एकमेकांना वाचून दाखवायचे, हा क्रम ठेवल्यावर सप्टेंबरपासून गाडी पुढे सरकली. मार्चअखेर बहुतेक मुले पहिल्या पातळीचे न पाहिलेले पान थांबत थांबत का होईना, पण अर्थासह वाचतात. दुसऱ्या पातळीपर्यंत मोजकीच पोचली. दिवाळीनंतर वेचणीसाठी आईवडिलांसोबत शेतात राहिलेल्या मुलांचे सर्वाधिक नुकसान झाले. कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, येणाऱ्या मुलांना शब्दसूचीतील पुस्तकी मराठी इंग्रजीइतकीच अवघड जात होती. त्यांच्यासाठी दहावी झालेली एक ताई शनिवारी येऊन कोलामीत अर्थ सांगू लागली, तेव्हाच ही मुले बोलती झाली.

बाकीचे थोडक्यात. ध्वनिमुद्रण क्यूआर कोडवर आहे आणि आमच्या गावात नेटवर्क धड नाही. मी तालुक्याला गेले की ते फोनमध्ये उतरवून आणत असे, पण वाचणाऱ्याचा वेग मुलांना झेपत नाही. प्रश्न निराशाजनक आहेत, कारण बहुतेक ठिकाणी जन्मसाल, देश आणि पुरस्काराचे नाव एवढेच विचारले आहे. ते सोडून आम्ही 'या माणसाने काय काय केले' अशी क्रियापदांची यादी प्रत्येक पानाखाली करत गेलो. कागद बरा आहे, पण पावसाळ्याच्या दमटपणात पिना गंजून पाने सुटली. तोपर्यंत मुलांना शिवणे येत होते, त्यामुळे पुस्तिका त्यांनीच दाभणाने पुन्हा बांधल्या.

येत्या वर्षी आम्ही पहिल्या पातळीचे आणखी दोन संच घेणार आहोत, म्हणजे दोघांत एक पुस्तिका येईल. दुसऱ्या पातळीचा एकच संच पुरेसा आहे. तिसरी पातळी आठवीपर्यंतच्या शाळेने घेऊ नये, आमची ती वर्षभर कपाटातच राहिली. कार्व्हर यांची पुस्तिका मात्र ऑगस्टमध्येच काढावी, कारण सप्टेंबर सरता सरता सोयाबीन वाळू लागते आणि मग मुळांवर हिरव्या पिकातल्यासारख्या गाठी दिसत नाहीत.