राउटर चालू, वाय-फाय फुल, पण नेट नाही: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हा राउटर घरात लावून आठ महिने झाले. वाय-फाय ६, दोन बँड, मागे एक वॅन (बाहेरून नेट आणणाऱ्या केबलसाठी) आणि चार लॅन (घरातल्या उपकरणांसाठी) पोर्ट. रेंज आतल्या खोलीपर्यंत नीट पोचते, ५ गिगाहर्ट्झवर लॅपटॉपला हवा तेवढा स्पीड मिळतो. याबद्दल माझी तक्रार नाही आणि त्यावर आधीच पुष्कळांनी लिहिलं आहे. मला लिहायचं आहे ते नेट बंद पडल्यावर हा राउटर कसा वागतो याबद्दल. मी घरून ऑनलाइन गणित शिकवते. तास चालू असताना नेट गेलं की समोरची मुलं काळ्या पडद्याकडे बघत बसतात. त्यामुळे बिघाड कुठे आहे हे मला दहा मिनिटांत कळायला हवं असतं, आणि मी याला चार तारे देते ते मुख्यतः त्यासाठीच.

सुरुवात मात्र वाईट झाली. फायबरच्या डब्यातून, म्हणजे ओएनटीमधून, आलेली केबल वॅन पोर्टला लावली. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड दिला. मोबाइलवर रेंजच्या सगळ्या कांड्या आल्या आणि खाली ओळ आली: ‘कनेक्टेड, इंटरनेट नाही’. राउटरवरचा नेटचा दिवा नारंगीच राहिला. तीनदा बंद-चालू केला, दोनदा रीसेट केला. जुना राउटर लावला की त्याच केबलवर नेट सुरू. कस्टमर केअरला फोन केला, तर उत्तर आलं, ‘‘ताई, लाइन इकडून ओके दाखवतेय. राउटरच खराब असणार.’’ मी परत पाठवायच्या तयारीत होते.

राउटर खराब नव्हता. वाय-फाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट समजून घेतलं. कांड्या दिसतात त्या मोबाइल आणि राउटर यांच्यातल्या नात्याच्या. राउटरच्या पुढे ओएनटी, त्यापुढे फायबर, त्यापुढे कंपनीचा सर्व्हर, यांपैकी काहीही तुटलं तरी कांड्या फुलच दिसतात. ब्राउझरमधून राउटरचं पान उघडलं आणि ‘स्टेटस’वर गेले. वॅन आयपी, म्हणजे राउटरला पुढून मिळालेला पत्ता, होता १९२.१६८.१.५ आणि राउटरचा स्वतःचा, म्हणजे लॅनचा, १९२.१६८.१.१. ओएनटीच्या खालच्या स्टिकरवर छापलेला पत्ता पाहिला, तोही १९२.१६८.१.१. एकाच गल्लीत दोन घरांना एकच नंबर! बाहेर जायचा रस्ता १९२.१६८.१.१ कडून आहे असं ओएनटी सांगत होता आणि तो पत्ता तर माझाच, असं राउटर समजत होता. जुन्या राउटरचा पत्ता १९२.१६८.०.१ होता, म्हणून तो बिनबोभाट चालायचा. नव्याचा लॅन पत्ता बदलून १९२.१६८.५०.१ केला, तो एकदा रीस्टार्ट झाला आणि दिवा हिरवा झाला.

काही राउटर ही टक्कर आपणहून ओळखतात आणि स्वतःचा पत्ता बदलतात. याने ते करायला हवं होतं. पण दोन्ही पत्ते एकाच पानावर शेजारी शेजारी दाखवले, म्हणून मला ते दिसलं तरी.

वॅन आयपीच्या त्या एका चौकटीवरून किती कळतं, हे नंतर लक्षात आलं. तिथे ०.०.०.० असेल तर राउटरला पुढून पत्ताच मिळालेला नाही: केबल पाहा, ओएनटी पाहा. १०० पासून सुरू होणारा आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर तो कंपनीने अनेक ग्राहकांत मिळून वापरलेला पत्ता आहे. ब्राउझिंगला त्याने काही अडत नाही, फक्त बाहेरून घरातला कॅमेरा वगैरे थेट उघडता येत नाही. आणि लॅपटॉपलाच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला असेल, तर कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. लॅपटॉपला राउटरकडूनसुद्धा पत्ता मिळालेला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला आहे. बिघाड घरातला आहे.

दुसऱ्या महिन्यात मी ओएनटी ब्रिज मोडला टाकून घेतला, म्हणजे तो नेट नुसतं पुढे पाठवणार आणि पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीकडे युजरनेम-पासवर्ड देऊन करायचं, लॉगिन राउटरच करणार. त्या दिवशी पुन्हा दोन तास नेट नव्हतं. मी युजरनेम-पासवर्ड चार वेळा टाकून पाहिला, आणि मग स्टेटसवरचा संदेश नीट वाचला. तिथे ‘ऑथेंटिकेशन फेल’ नव्हतं, ‘सर्व्हरकडून उत्तर नाही’ असं होतं. या दोहोंत फार फरक आहे. पासवर्ड चुकीचा असता तर समोरून निदान नकार तरी आला असता. उत्तरच येत नाही म्हणजे माझी हाक पोचतच नाही. लाइनवर आलेल्या तंत्रज्ञांना मी हेच शब्द वाचून दाखवले. ‘‘दादा, नकार येत नाहीये, उत्तरच येत नाहीये,’’ म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, ‘‘व्हीलॅन आयडी टाकलाय का?’’ व्हीलॅन आयडी म्हणजे आपलं नेट कोणत्या वाटेने जायचं हे सांगणारा कंपनीने दिलेला आकडा. टाकला नव्हता. टाकला आणि वीस सेकंदांत नेट आलं. तो आकडा मी कागदावर लिहून राउटरच्या पाठीला चिकटवून ठेवला आहे. तुम्हीही ठेवा, कारण रीसेटचं बटण दाबलं की युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन सगळं पुसलं जातं. रीसेट आणि रीस्टार्ट यांत लोक फार गल्लत करतात. सेटिंगची बॅकअप फाइल काढून लॅपटॉपवर ठेवायची सोय याच्यात आहे, तीही पहिल्याच दिवशी वापरा.

पीपीपीओई असेल तर एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवायच्या डेटाच्या तुकड्याचा कमाल आकार, १४९२ लागतो. नेहमीच्या १५०० पैकी ८ बाइट त्या लॉगिनच्या आवरणातच जातात. हा राउटर तो आपणहून लावतो. तो चुकला तर काही साइट उघडतात आणि काही अर्धवट अडकून राहतात, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

आता चौथ्या महिन्याचं सांगते. दिवसातून चार-पाच वेळा नेट जायचं आणि दोन-तीन मिनिटांत परत यायचं. वाय-फाय तसंच. प्रत्येक वेळी मी उठून राउटर बंद-चालू करत होते आणि नेट परत आलं की त्याने आलं असं मानत होते. वास्तविक ते नुसतं वाट पाहूनही आलं असतं. त्यातून माझं नुकसानच होत होतं, कारण या राउटरचा लॉग, म्हणजे केव्हा काय झालं याची नोंदवही, रीस्टार्ट केल्यावर पुसला जातो. म्हणजे बिघाडाचा पुरावा मी स्वतःच्या हाताने पुसत होते. हे कळल्यापासून मी नियम केला: नेट गेलं की आधी स्टेटस आणि लॉगचा स्क्रीनशॉट, मग बाकीचं.

दोन दिवस हात न लावता लॉग साठू दिला. प्रत्येक वेळी ‘पीपीपीओई डाउन’ अशी ओळ होती, पण वॅन पोर्टची लिंक तुटल्याची एकही ओळ नव्हती. म्हणजे राउटर ते ओएनटी ही केबल आणि तिच्या दोन्ही पिना ठीक होत्या, बिघाड ओएनटीत किंवा त्याच्या पलीकडे होता. मग वेळा पाहिल्या. सकाळी ७ वाजून १० मिनिटं, ७ वाजून ५५, दुपारी दीडच्या सुमारास, रात्री ९ वाजून ४० मिनिटं. दोन्ही दिवशी जवळपास त्याच. या वेळांना घरात काय होतं, हे आईने सांगितलं. ती हॉलमधल्या कपाटाच्या खालच्या ड्रॉवरमधून औषधं काढते. ड्रॉवर उघडून पाहिला आणि ओएनटीकडे बघत राहिले. ‘लॉस’ लिहिलेला, म्हणजे फायबरचा सिग्नल तुटल्याचा, दिवा क्षणभर लाल झाला.

कपाट थोडं सरकवलं तेव्हा फायबरची पिवळी वायर ड्रॉवरच्या मागे दुमडली गेली होती. ड्रॉवर हलला की ती आणखी दाबली जायची. तांब्याची वायर असती तर एवढ्याने काही झालं नसतं. फायबरमधून प्रकाश जातो, आणि वळण फार तीव्र झालं की तो काचेच्या गाभ्यातून बाहेर निसटतो. साध्या फायबरला वळणाची त्रिज्या साधारण ३० मिलिमीटरच्या खाली नेऊ नये. वाकवलेली चालणारी फायबरही मिळते, पण आपल्या घरात कोणती आहे हे वायर बघून कुणाला सांगता येतं? ओएनटीच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ नावाचा, म्हणजे आत येणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचा, आकडा असतो. माझ्याकडे ड्रॉवर बंद असताना तो उणे २६ होता आणि उघडताना उणे २८ च्या खाली जायचा. घरगुती ओएनटीची मर्यादा साधारण उणे २७ डीबीएम असते, त्यामुळे आम्ही अगदी काठावर जगत होतो. वायर मोकळी करून मोठ्या वेटोळ्यात ठेवली आणि आकडा उणे २१ वर आला. ऐकायला हा फरक पाचाचा वाटतो, पण दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होतो, म्हणजे जवळपास तिप्पट प्रकाश आत येऊ लागला. त्या दिवसानंतर तसं एकदाही नेट गेलेलं नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. फायबरची पिन काढून तिच्या टोकात डोळा लावून ‘लाइट येतोय का’ असं कधीही पाहू नका. आत येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो, तो डोळ्यांना दिसतच नाही, आणि लेझर डोळ्यांसाठी धोक्याचा असतो. आकडा पानावर दिसतो, तिथेच पाहा. हिरव्या पिनेचं टोक तिरकं घासलेलं असतं, त्यामुळे ती निळ्या पिनेच्या जागी बसवू नका, आणि टोकाला बोट लावू नका.

लॉग वाचताना एक गोंधळ होईल म्हणून सांगते. वीज जाऊन आल्यावर पहिल्या काही ओळींवर १ जानेवारी १९७० अशी तारीख दिसते. राउटरमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही, वेळ तो नेटवरूनच घेतो, आणि तोपर्यंत अशा यंत्रांच्या वेळमोजणीच्या आरंभापासून, म्हणजे त्या तारखेपासून, सुरू करतो. मला याचा उपयोगच होतो. १९७० च्या ओळी जिथे संपतात, तिथे नेट आलं.

सहाव्या महिन्यात उलटा प्रकार झाला. सगळे दिवे हिरवे, वॅन आयपी ठीक, लॉग स्वच्छ, पण एकही साइट उघडेना. लॅपटॉपवरून १.१.१.१ या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे उत्तर येतं का हे पाहायला छोटी हाक मारली, तर उत्तर येत होतं, साइटचं नाव टाकून केलं की नाही. म्हणजे रस्ता मोकळा होता, नावावरून पत्ता शोधून देणारा डीएनएस बंद होता. राउटरमध्ये कंपनीचा डीएनएस काढून क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ आणि गूगलचा ८.८.८.८ टाकला. दोन मिनिटांचं काम. तेव्हा शेजारणीचंही नेट गेलं होतं आणि ती संध्याकाळपर्यंत थांबली, म्हणून हे पिंगचं एवढं तरी प्रत्येकाने शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आता राउटरचे दोष. सर्वांत मोठा दोष म्हणजे ॲप. लॉगिन कंपनीच्या सर्व्हरवरून होतं, त्यामुळे नेट गेलं की ॲप फक्त ‘डिव्हाइस ऑफलाइन’ म्हणतं. ज्या क्षणी त्याची गरज असते त्याच क्षणी ते बंद! ब्राउझरमधून राउटरचा पत्ता टाकून जायला शिकाच, आणि जाताना मोबाइल डेटा बंद ठेवा, नाहीतर काही फोन राउटरचं पान शोधायलाही डेटावर जातात. दुसरं, नारंगी दिवा एकच आहे. केबल निघाली तरी नारंगी, लॉगिन फसलं तरी नारंगी. तिसरं, एका अपडेटनंतर ५ गिगाहर्ट्झने आपणहून १०० नंबरचा चॅनेल घेतला. त्या पट्ट्यात रडार चालतात, म्हणून राउटरला सुरू होताना निदान एक मिनिट ऐकत थांबावं लागतं, आणि तेवढा वेळ ५ गिगाहर्ट्झचं नाव यादीत दिसतच नाही. मी चॅनेल हाताने ३६ वर लावला.

लॉग रीस्टार्टनंतरही टिकावा, असं मी कंपनीला लिहिलं होतं. पुढच्या अपडेटमध्ये पाहतो, असं उत्तर आलं. त्यानंतर दोन अपडेट आले, लॉग अजून पुसला जातो. राखून ठेवलेला पाचवा तारा त्यासाठी आहे.