‘ईसीएम गेलाय’ म्हणून ४६,५०० घेतले, बिघाड होता वायरीत

माझी गाडी २०१८ची, पेट्रोल हॅचबॅक, ७२ हजार किलोमीटर चाललेली. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड आणि एकदा बॅटरी, याखेरीज तिने इतक्या वर्षांत काही मागितलं नव्हतं. गेल्या जुलैत भर पावसात विक्रोळीजवळ ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर ती चालता चालता बंद पडली. स्टार्टर फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हतं. टोइंगवाल्याने त्याच्या ओळखीच्या गॅरेजात नेली. मीही नेऊ दिली.

गॅरेज चकाचक होतं. मुलाने स्टिअरिंगखाली स्कॅनर लावला, पडद्यावर बिघाडाचा कोड आला : पी ०३३५. मालक म्हणाला, “साहेब, पाणी लागून ईसीएम गेलाय. नवीन टाकावा लागेल, कोडिंगसकट ४६,५००.” ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक. मी पडद्याचा फोटो काढला आणि हो म्हटलं. “बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा,” हेही त्याने सांगितलं. बिल नको, असं मीच म्हणालो. तिसऱ्या दिवशी गाडी मिळाली. हातात कच्चा कागद, त्यावर नुसता आकडा.

आमच्या बाबांकडे १९८६ची प्रीमियर पद्मिनी होती. गिरगावातले मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरची, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डब्याची, टोपी काढून बाबांना आतला पॉइंट दाखवायचे, जळून काळा पडलेला, मधे बारीक खड्डा. पॉलिश पेपरने घासायचा, फीलर गेजच्या पातळ पट्टीने गॅप लावायचा, गाडी सुरू. फारच झिजला असेल तर ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या बाजारातून नवा. ती गाडी जास्त भरवशाची होती, असं मात्र मी म्हणणार नाही. कसारा घाटात रेडिएटर उकळायचा, पावसात टोपीत ओल शिरली की पुसत बसावं लागायचं, दर तीन-चार महिन्यांनी मिस्त्रींची पायरी चढावी लागायचीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली तेव्हा मीही हळहळलो, पण आजच्या गाड्या तिच्यापेक्षा कितीतरी कमी बंद पडतात. फरक इतकाच, की तेव्हा ज्याचे पैसे दिले तो जळका पॉइंट बाबांच्या तळहातावर असायचा.

तीन आठवड्यांनी पुन्हा पाऊस, पुन्हा गाडी बंद. या वेळी साडूंनी ठाण्याच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकाकांकडे पाठवलं. त्यांनी माझ्या फोनमधला फोटो पाहिला आणि विचारलं, “हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटचा आहे. यात ईसीएम कुठून आला?” मग त्यांनी समजावलं. पद्मिनीत ठिणगी कधी पडायची ते पॉइंट ठरवायचा. आता क्रँकशाफ्टजवळचा, म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याजवळचा, सेन्सर ईसीएमला खबर देतो. खबर पोचली नाही तर ईसीएम ना ठिणगी देतो, ना पेट्रोल. कोड फक्त कोणत्या रस्त्यावर अडलंय तेवढं सांगतो. सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर हे सगळं तपासून झाल्यावर शेवटी ईसीएमवर संशय घ्यायचा.

त्यांनी गाडी वर उचलली. सेन्सरची वायर एका ब्रॅकेटवर घासून सोलली गेली होती, आतलं तांबं हिरवं पडलं होतं. ओल लागली की सिग्नल तुटायचा. पहिल्या गॅरेजात तीन दिवसांत ती वाळली, म्हणून गाडी आपोआप सुरू झाली होती. काकांनी खराब तुकडा कापला, नवी वायर सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली. सेन्सर ठीक निघाला. ६५० रुपये.

मग टॉर्च मारून त्यांनी मला ईसीएमचे बोल्ट दाखवले. कारखान्यात बोल्ट आवळल्यावर मारलेली पिवळ्या रंगाची रेघ बोल्टवरून ब्रॅकेटवर सलग होती, कुठेही तुटलेली नाही. खाचेत जुनी माती तशीच. तो बोल्ट कधी फिरलाच नव्हता. माझ्या मॉडेलमध्ये नवा ईसीएम टाकला की दोन्ही चाव्या पुन्हा जुळवाव्या लागतात, असंही काका म्हणाले. दुसरी चावी सगळा वेळ घरी कपाटात होती, आणि तिने गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

ईसीएमचं नाव कुणी घेतलं तर आधी विचारा : सेन्सर आणि वायरिंग मीटर लावून तपासलं का? माझ्यासमोर तपासा म्हणा. कामाआधी ईसीएमच्या बोल्टचे आणि त्याच्या डब्यावरच्या स्टिकरचे फोटो काढा. जुना भाग परत मागा. नव्या भागाचा नंबर पक्क्या बिलावर लिहून घ्या, आणि जीएसटी वाचवायला बिल सोडू नका, कितीही टोचलं तरी.

मी त्या गॅरेजात फोटो घेऊन गेलो. मालकाने कच्चा कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “यावर आमचं नाव कुठे आहे?” घरी येऊन ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन केला. तिथेही बिलाचाच प्रश्न आला, आणि माझ्याकडे बिल नव्हतं.